पाटीवरच्या दोन ओळी

पहिला शब्द लागला तो 'साबण'. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून तिने पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली, वर्गातल्या बाईंनी शिकवलं होतं तसं, ओठ न हलवता, घाई न करता, आणि पुन्हा साबणच आला. त्याच्या पुढचा शब्द कारखाना. मग भेट. मग आकड्यात पन्नास, पुढे वर्षं. खालच्या ओळीत तर एकही अक्षर अडलं नाही, कारण ते तिच्या बिल्डिंगच्या गच्चीच्या जिन्याला, बसच्या मागच्या दाराला, सगळीकडे लिहिलेलं असायचं : चढू नये. तिने मान वर करून पुतळ्याकडे पाहिलं. काळपट हिरव्या धातूची बाई नेहमीसारखीच उभी होती, पदर म्हणावा असं काहीतरी वाऱ्यावर उडालेलं, उजवा हात आभाळात, आणि त्या हातात तो दिवा. पण आता दिवा दिसेना. कितीही डोळे ताणले तरी तिथे गोल कडांची, चांगली मुठीत मावणारी एक वडीच दिसू लागली. मागे बाकावर तिचा नवरा पाय पसरून बसला होता. "बघितलंस," तो म्हणाला, "आज उन्हात बाईचा चेहरा कसा उजळलाय." ती "हो" म्हणाली. तिला वाटलं, आपल्या पायाखालची ती रुळलेली वाट, तो चबुतरा, सगळं बागेसकट हातभर बाजूला सरकलंय, आणि आपण मात्र जुन्याच जागी उभ्या आहोत.

खरं तर आज ती त्याला चकित करणार होती. दुपारचा वर्ग तिने त्याच्यापासून लपवला नव्हता, पण अर्धाच सांगितला होता. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने तिला ओढतच वाचनालयात नेलं होतं, आणि नवऱ्याला तिने सांगितलं होतं, बोलायला शिकवतात. वाचायलाही शिकवतात हे पोटात ठेवलं होतं. इथली अक्षरं म्हणजे उसवलेल्या दोऱ्याची गुंतवळ. कपड्यांच्या दुकानात दिवसभर लोकांच्या बाह्या आखूड कर, पँटच्या कडा खाली सोड, असं काम करणाऱ्या बाईला गुंतवळीची भीती नसते. टोक सापडलं की झालं. टोक सापडायला तिला वर्ष लागलं. दुकानांच्या पाट्या बोलायला लागल्या, तेव्हा सतरा वर्षं मुक्या असलेल्या रस्त्यावर एकदम गलका झाल्यासारखं वाटलं तिला. हे सगळं तिने फक्त फोनवर दादाला सांगितलं होतं, आणि "ह्यांना बोलू नकोस हं" असं बजावलंही होतं. मनात ठरवलं होतं, रविवारी बागेत जायचं, पुतळ्यासमोर उभं राहायचं आणि त्या शूर बाईची सबंध गोष्ट पाटीवरून घडाघडा वाचून दाखवायची. ज्याने ती गोष्ट सांगितली, त्यालाच.

गोष्ट अशी होती, की फार वर्षांपूर्वी शहराला पूर आला, दिवे गेले, होड्या काठ शोधत फिरू लागल्या, तेव्हा एका साध्या बाईने चबुतऱ्यावर चढून हातात दिवा धरला आणि शेवटची होडी लागेपर्यंत हात खाली केला नाही. पाणी ओसरल्यावर लोकांनी तिला खाली उतरवलं, तर हात तसाच वर. तो पुढे आयुष्यभर खाली आला नाही म्हणे. "म्हणे" हा शब्द तो अगदी शेवटी घालायचा, भाजीवर कोथिंबीर घालावी तसा. आई गेली आणि तिकिटाची सोय होईपर्यंत तिकडे सगळं उरकूनही झालं, त्या दिवसांत ती एकटी येऊन ह्या बाईसमोर रडली होती. हात जोडले होते. साबणासमोर.

त्याला शहर दाखवायची भारी हौस. आठवडाभर वर्कशॉपात ठोकर बसलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचे, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायचं, पुन्हा भरायचं, आणि मग मूळच्या रंगाला रंग असा जुळवायचा की गाडी कुठे आपटली होती ते खुद्द मालकालाही सांगता येऊ नये. वर्कशॉपजवळच्या त्याच्या नेहमीच्या पबातले लोक त्याला रंगारीच म्हणायचे. पण रविवार उजाडला की रंगारी इस्त्रीचा शर्ट चढवून तिला घेऊन निघायचा. घड्याळाचा मनोरा, पूल, बागा, नदीकाठचा बाजार, फुकटच्या दिवशी संग्रहालय. मनोऱ्यावरचं घड्याळ चार मिनिटं पुढे का? तर घड्याळजीच्या मुलीची बोट चुकली होती, तेव्हापासून त्याने ठरवलं, ह्या गावात पुन्हा कुणाची बोट चुकायची नाही. पुलाच्या मधोमध ही एक पायरी का? तर दोन भावांनी दोन काठांवरून पूल बांधायला घेतला, आणि मधे भेटले तेव्हा वीतभर उंची चुकली, दोघांपैकी कुणी कमीपणा घेईना. मोठ्या बागेतल्या झाडाला कुंपण का? तर त्याच्याखाली बसून खोटं बोललं की पान गळतं, म्हणून वकील लोकांनी कुंपण घालून घेतलं. ती कंटाळायची, पाय दुखायचे, वाटेत दोनदा "अहो, बसू या का" म्हणायची. पण घरी आल्यावर कधी एकटी असली की हे सगळं तिला आठवायचं, आणि ह्या परक्या शहराशी आपलं काही नातं आहे असं वाटायचं, लांबच्या का होईना, पण नात्यातल्या माणसांच्या भानगडी ठाऊक असाव्यात तसं.

साबणाच्या रविवारनंतर ती सुटली. दुकानातलं काम लवकर संपलं की घरी न जाता ट्राम पकडायची आणि एकेक पाटी गाठायची. मनोऱ्याखालच्या पाटीवर उंची लिहिली होती, दुरुस्तीचं साल लिहिलं होतं, आणि वर जायला बंदी. पुलाच्या पायरीपाशी लिहिलं होतं : पायरी आहे, जपून चाला. झाडाच्या कुंपणावर : फवारणी केली आहे, पानांना हात लावू नये. तिथे मात्र तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं की रागाचं हे तिचं तिलाच कळेना. फसवलं. सतरा वर्षं लहान पोरीसारखं बोट धरून फिरवलं आणि थापा मारल्या. बाजारातल्या फेरीवाल्याने खोटं माप दिलं तर ती भांडून परत घ्यायची, आणि इथे सबंध शहराचं माप खोटं. कुणाशी भांडायचं? तो संध्याकाळी यायचा, नखांतला रंग काढायला ब्रश घेऊन बेसिनपाशी उभा राहायचा, आणि ती पाठीमागून त्याच्याकडे टक लावून बघायची. कोण आहे हा माणूस? मनातल्या मनात ती रोज वाक्य जुळवायची, 'अहो, तुम्हाला एक विचारू का', आणि रोज त्या वाक्याच्या दारात थबकायची.

मग एका संध्याकाळी हॉटेलात ते लक्षात आलं. आलं म्हणजे काय, समोरच होतं, सतरा वर्षं. वेटरने मेनूकार्ड दिलं, त्याने ते उघडलं, शांतपणे वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मिटलं, आणि पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाला, "ते काय खातायत ना, तसंच आणा दोन." नेहमीसारखंच. नेहमी. तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. औषधाची चिठ्ठी आली की चष्मा विसरलेला असायचा. घरी काही कागद आला की तो "उद्या मालकाला दाखवतो, त्याची ओळख आहे" म्हणून खिशात घालायचा. बस यायची तेव्हा तो आकडा बघायचा, पाटी कधीच नाही. आणि बोलणं तर असं, की ट्राममध्ये म्हातारे लोक वळून बघायचे, हा आपल्यातलाच की काय म्हणून. ती सगळी भाषा त्याने कानाने उचलली होती. पहिल्या वर्षी वर्कशॉपच्या कोपऱ्यावरच्या त्या पबात एक ग्लास पुढ्यात घेऊन तो तासन् तास बसायचा, लोकांचे तंटे, विनोद, शिव्या ऐकत. तीच त्याची शाळा. तिथे फळा नव्हता.

आणि मग तिला तो पहिला रविवार आठवला, ज्याची आठवण ती कधी वर येऊ द्यायची नाही. ह्या शहरात येऊन वर्षही झालं नव्हतं. दवाखान्यातून ती रिकाम्या हातांनी परतली होती. पाचवा महिना होता. डॉक्टर जे काही बोलले ते त्यानेच ऐकलं आणि तिला थोडक्यात सांगितलं. त्यानंतर ती बोललीच नाही. जेवायची, झोपायची, खिडकीशी बसायची. तो बिचारा वर्कशॉपातून पळत यायचा, हे बोल, ते बोल, भिंतीशी बोलावं तसं. शेवटी एका रविवारी चप्पल पायात सरकवायला लावून त्याने तिला बागेत नेलं, आणि त्या पुतळ्यासमोर उभं राहून, कितीतरी दिवसांनी, तिने तोंड उघडलं : "ही कोण हो?" एवढंच. तिला आता स्पष्ट दिसलं, त्याने आधी पाटीकडे पाहिलं होतं. मग तिच्याकडे. मग पुन्हा पाटीकडे. आणि मग तो सांगायला लागला. काय करायला हवं होतं त्याने? माहीत नाही म्हणून गप्प बसायचं? आठवड्यांनी फुटलेला तो एक प्रश्न तसाच हवेत विरू द्यायचा? हॉटेलात ती पुढ्यातलं निमूट जेवली. घरी येताना, कधी नव्हे ते, तिने त्याच्या कोपरात हात अडकवला. "काय गं, चक्कर येते का?" तो म्हणाला.

राग असा ओसरला, तरी विषय काढायचा धीर होईना. आता काढला तर तो उघडा पडणार, आणि तेही आपल्यापुढे. राहू दे, ती म्हणायची, बघू. आणि तेवढ्यात दादा आला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेला. कुठल्याशा परिषदेहून परतताना वाट वाकडी करून तो बहिणीकडे चार दिवस राहायला आला. माणूस मायाळू, पण बोलायला लागला की समोर वर्ग बसलाय असं वाटायचं. लग्नात तो जावयाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "पोरगा हुशार आहे हो, शिकला असता तर कुठल्या कुठे गेला असता." कौतुकच केलं होतं त्याने. पण ते वाक्य तिच्या नवऱ्याच्या अंगात काट्यासारखं मोडून राहिलं होतं, आणि दादाचा फोन आला की तो अजूनही उठून उभा राहायचा. आता दादाला शहर दाखवायचं म्हटल्यावर आठवडाभर त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. शर्ट दोनदा इस्त्री केला. "तुझा दादा फार विचारतो गं," तो एकदा म्हणाला. "साल विचारतो." ती म्हणाली, "सांगायचं काहीतरी." तो तिच्याकडे बघत राहिला.

रविवारी दादाने पुलावरची पायरी ऐकली, "छान, छान" म्हणाला. मनोऱ्यापाशी घड्याळजीच्या मुलीसाठी हळहळला. उन्हं कलती झाली तेव्हा ते पुतळ्यापाशी पोचले. तिचा नवरा आता रंगात आला होता. पुराचं पाणी त्याने हाताने चढवून दाखवलं, होड्या वळवल्या, बाईचा हात वर नेला. दादा अगदी गंभीर होऊन ऐकत होता. संपल्यावर त्याने विचारलं, "हे कोणत्या साली?"

"साल... फार जुनं आहे, दादा."

"पाटीवर असेल ना. हे काय, लिहिलंय की." दादाने चष्मा लावला, वाकला, आणि मग सहज, अगदी सहज म्हणाला, "तूच वाच गं. फोनवर सांगत होतीस ना, आता सगळं वाचता येतं म्हणून."

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती, त्याचा श्वास थांबलेला तिला बाजूने कळला. त्या दोन ओळी तिच्यासमोर लख्ख होत्या. मग तिने वाकून पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली. "पुराच्या दिवशी... दिवा धरून उभ्या राहिलेल्या... ह्या बाईची... शहराने ठेवलेली आठवण." बोट साबणावरून गेलं, कारखान्यावरून गेलं.

"हे पन्नास कसले मग?" दादा म्हणाला. आकडे सगळीकडे सारखेच.

"होड्या," ती म्हणाली. "पन्नास होड्या वाचवल्या."

"पन्नास! आणि खाली?"

"खाली लिहिलंय, चढू नये."

दादाने चष्मा काढला. "बघा," तो जावयाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरा मान होता, "एवढ्या मोठ्या कामाची नोंद दोन ओळींत. आपल्याकडे असतं तर भाषणं ठोकली असती." त्याने पुतळ्याचा फोटो काढला, मग त्या दोघांना पुढे उभं करून आणखी एक. फोटोसाठी उभं राहताना तिचा दंड नवऱ्याच्या दंडाला लागला. तो पाटीकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काहीतरी भलतंच होतं, इतकं उघडं की तिने नजर वळवली. त्याला खरंच वाटलं होतं. क्षणभर का होईना, त्याला वाटलं होतं की तिथे तसंच लिहिलेलं आहे, आपल्या मनातलं कसं कोण जाणे खरं निघालं.

मग पबात. दादाला त्याचा पब बघायचाच होता. लाकडी काउंटर, त्यावर ग्लासांच्या ओल्या गोल खुणा, कोपऱ्यात कुणाचंतरी कुत्रं झोपलेलं. काउंटरमागच्या मालकीणबाई रंगाऱ्याच्या बायकोला पाहून हसल्या आणि न विचारता लिंबाचं सरबत पुढे केलं. दादाने जन्मात दुसऱ्यांदा बिअर घेतली आणि तो खुलला. त्याला ती गोष्ट आता आवरेना. आपल्या कॉलेजातल्या इंग्रजीत तो मालकीणबाईंना सांगायला लागला, तुमच्या शहराचा इतिहास फार थोर आहे, ती बाई, तो पूर. मालकीणबाईंना ओ की ठो कळेना. "सांगा हो त्यांना," दादा जावयाला म्हणाला. जावयाने इथल्या भाषेत काहीतरी पुटपुटलं, आमच्या पाहुण्यांना तुमची बिअर आवडली, असलं काहीतरी. पण दादा थांबतोय कुठला. तो स्टुलावरून उतरला, उजवा हात सरळ छताकडे नेला, मूठ वळली, मान उंचावली आणि तसाच उभा राहिला.

मालकीणबाईंचा चेहरा एकदम फुलला. "साबणबाई!" त्या ओरडल्या. "अरे, आपली साबणबाई!" शेजारचे दोघे-तिघे वळले, हसले, एकाने तर बसल्या बसल्या काखेत साबण लावल्याची नक्कल केली. सगळ्या शहराला ती बाई ह्याच नावाने ठाऊक होती. फक्त तिच्या नवऱ्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं. दादाला वाटलं, आपला मुद्दा पोचला. तो खूष होऊन बसला. आणि तिचा नवरा ग्लासातल्या फेसाकडे बघत होता. मग त्याने हळूच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती सतरा वर्षं त्या डोळ्यांना ओळखत होती. आज पहिल्यांदा ते डोळे तिच्याकडे एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघत होते.

दादा गेला त्या दिवसापर्यंत तो सभ्यपणे वागला. विमानतळाहून परतल्यावर बूट न काढताच खुर्चीत बसला.

"कधीपासून वाचता येतं?"

"काही महिने झाले. तुम्हाला गंमत म्हणून सांगणार होते."

"झाली की गंमत. पन्नास होड्या म्हणे."

"दादासमोर काय करणार होते मी? तुमच्यासाठीच..."

"मी मागितलं होतं?" त्याचा आवाज चढला नाही, त्याचंच तिला भय वाटलं. "एकदा वाचून टाकलं असतंस तर बरं झालं असतं. दादा हसला असता, मी हसलो असतो, मिटलं असतं. तू झाकलंस. म्हणजे झाकण्यासारखं आहे असं तुला वाटतं."

"आणि तुम्ही झाकलं नाहीत? सतरा वर्षं?"

तो बूट काढायला वाकला, आणि नाडीची गाठ त्याला कितीतरी वेळ सुटेना. ती जाग्यावरून हलली नाही. तिला त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं होतं, त्या पहिल्या रविवारबद्दल, की मला ठाऊक आहे तुम्ही ते का केलंत, मला सगळं समजलंय. पण 'समजलंय' हा शब्दच आता जड झाला होता. जे बोलेन त्यात मी वरच्या पायरीवर आणि तो खालच्या, असंच होणार, असं तिला वाटलं.

पुढचे रविवार तो झोपून काढू लागला. घरात वाद नव्हता, अबोलाही नव्हता, मीठ दे, दार लाव, एवढं चालू होतं. एका रविवारी ती एकटीच निघाली. म्हटलं, आपल्याला वाचता येतं, आपलं आपण शहर बघू. नदीपलीकडच्या बागेत गेली, कारंजं बघितलं, एका जुन्या घराबाहेर रांगेत उभी राहिली, आणि जिथे जाईल तिथली पाटी वाचली. अक्षरं सगळी येत होती. पण वाक्यांमध्ये असे लांबच लांब शब्द उभे होते की तोंडाने उच्चार व्हायचा आणि आत काहीच उमटायचं नाही. वर्गात शिकवलेले शब्द म्हणजे दूध, साबण, खिडकी, माझं नाव अमुक. शहर कुणी दूध-खिडकीत लिहून ठेवत नाही. कारंज्याच्या कठड्यावर बसून तिला फार एकटं वाटलं. पाटीवर जे होतं ते खरं होतं, आणि तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. आसपास माणसं फोटो काढत होती, पोरं पाण्यात हात घालत होती. तिच्या मनात आलं, आपण आजवर ह्या शहरात राहिलोच नाही, आपण एका माणसाच्या बोलण्यात राहिलो. आणि ते घर आता बंद झालंय.

ते उघडलं ते लिफ्टपाशी. सोमवार की मंगळवार, दोघं कामाला निघालेले, लिफ्टच्या दाराला कागद चिकटवलेला. तो खाली बघत उभा. तिने सवयीने वाचायला सुरुवात केली, आणि ह्या खेपेला ओठ हलले, आवाजही निघाला. 'लिफ्ट' आलं, 'बंद' आलं. मधला शब्द लांबलचक होता, तिने तो तुकड्या-तुकड्याने जोडला, एकदा चुकली, पुन्हा जोडला. अर्थ लागेना.

"तात्पुरती," तो म्हणाला.

"काय?"

"तात्पुरती बंद, असं असेल." तो अजून खालीच बघत होता. "आमचा मालक दिवसातून दहादा म्हणतो हा शब्द. गिऱ्हाइकाला घाई असली की नुसतं वरून रंग मारून देतो ना, ते तात्पुरतं." मग म्हणाला, "पण तू शेवट चुकीचा म्हणतेस. शेवटी असं जीभ वर लावून." आणि त्याने तो शब्द म्हणून दाखवला. त्याच्या तोंडून तो शब्द असा निघाला की तिला तो एकदम ओळखीचा वाटला. दुकानात, बसमध्ये, शंभरदा कानावरून गेलेला. कागदावरचा आणि कानातला शब्द एकच होता, हे तिला आत्ता कळत होतं.

ते जिन्याने उतरायला लागले. प्रत्येक मजल्यावर भिंतीला काही ना काही चिकटवलेलं होतं. ती थांबली नाही, नुसती चालता चालता उच्चार करत गेली, आणि तो मागून अर्थ टाकत गेला. आग. नळी. सोडून. "नाही, सोडून नाही, वगळता," त्याने स्वतःलाच दुरुस्त केलं. शेजारच्यांच्या हरवलेल्या मांजराचा कागद. "ठिपकेदार." तळमजल्यावर टपालाच्या पत्र्याच्या पेट्यांपाशी पोचेपर्यंत दोघांना घाम आला होता. तो वर्कशॉपच्या दिशेने वळला. मग परत आला. "रविवारी," तो म्हणाला, "काचघरात जाऊ."

काचघरात तो तिला कधीच घेऊन गेला नव्हता. "आत नुसत्या कुंड्या आहेत, त्याला काय तिकीट," म्हणायचा. आत गेल्यावर तिला कळलं का ते. प्रत्येक झाडापुढे एक पाटी होती, शेकड्याने पाट्या, हिरव्या, बारीक अक्षरांच्या. इथे गोष्ट रचायला श्वास घ्यायलाही जागा नव्हती. दमट उकाडा होता, काचेवरून पाणी ओघळत होतं. पहिल्या झाडापाशी ते अवघडून उभे राहिले, नव्या नवरा-नवरीसारखे. मग तिने वाचलं, त्याने सांगितलं. तिने चुकीचं वाचलं, त्याने "असा शब्दच नाही" म्हटलं, तिने पुन्हा बघितलं, एक अक्षर गाळलं होतं. ह्याला पाणी कमी लागतं. ह्याची फुलं पहाटे उमलतात. एका पाटीला त्यांना इतका वेळ लागला की मागचे लोक बाजूने पुढे निघून गेले. ती दरवेळी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची नाही असं ठरवत होती आणि दरवेळी बघत होती.

एका उंच, सालपटं निघालेल्या झाडापाशी ती वाकून वाचत होती. तिसऱ्या शब्दावर दोघं थांबली. तिने तो दोनदा म्हटला, त्याने सांगितल्याप्रमाणे जीभ वर लावून, खाली लावून म्हटला. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला. मग त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"हा मला माहीत नाही," तो म्हणाला.

तिच्या छातीत काहीतरी सैल झालं, सतरा वर्षांत कुठल्याच गोष्टीने झालं नव्हतं इतकं. तो इकडे-तिकडे बघत उभा राहिला, मग पलीकडे कुंडीतली माती उकरणाऱ्या माळ्याकडे चालत गेला. तिने पाहिलं, तो माळ्याशी बोलतोय, पाटीकडे बोट करतोय, स्वतःच्या डोळ्यांकडे बोट करून नकारार्थी मान हलवतोय. माळ्याने दोन बोटं एकमेकांना चिकटवून, ओढून दाखवली, आणि हसला. परत येताना तिच्या नवऱ्याचे कान लाल झाले होते.

"काय म्हणाले?"

"चिकट," तो म्हणाला. "खोडाला हात लावू नये, चिकट आहे."

ती केव्हापासून त्याच खोडाला तळहात टेकवून उभी होती. तिने तळहात ओढला तो सालीसकट निघाला. ती बघत राहिली, आणि मग इतकी हसायला लागली की माळीसुद्धा वळला. त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्याने तो डिंक सोडवू लागला, कडेकडेने, घाई न करता, आणि तिचं हसू थांबेना तेव्हा पुढच्या झाडाकडे हनुवटीने खूण करून म्हणाला, "बरं, पुढचं वाच."